एक्स-रे बाईंची अलमारी

एक्स-रे बाईंनी कोणाला नमस्कार केलेला मी कधी पाहिला नाही. माणूस खोलीच्या दारात दिसला, की त्या आधी त्याच्या गळ्याकडे, मग मनगटाकडे, मग कमरेकडे पाहत आणि म्हणत, "काढा." पोत, ताईत, चांदीचा करदोडा, खिशातल्या किल्ल्या, सारे बाहेर निघेपर्यंत त्या पुढचा शब्द उच्चारत नसत. सौंसरच्या बाजारातल्या एका बड्या कापूस-व्यापाऱ्याने एकदा गळ्यातली साखळी काढायला आढेवेढे घेतले. बाईंनी यंत्राचा दिवा बंद केला, दार उघडले आणि बाकावरच्या पुढच्या माणसाला आत बोलावले. व्यापारी दुखावून म्हणाला, बाई, मला ओळखलं नाही का? "हाडं पाह्यल्याशिवाय मी कोनाले ओळखत नाही," बाई म्हणाल्या.

त्यांना नाव होते, पण ते फक्त पगाराच्या कागदावर. गावाच्या तोंडी त्या एक्स-रे बाईच. हाडांच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात, जिन्याखालच्या बिनखिडकीच्या खोलीत त्यांची उभी हयात गेली. माझे मनगट मोडले तेव्हा मी प्रथम तिथे गेलो. त्यांनी माझा हात थंडगार पत्र्यावर असा ठेवला, जसा सुतार फळी ठेवतो, आणि शिशाच्या पडद्यामागे जाऊन ओरडल्या, "हलू नका. श्वास धरा." हाताच्या फोटोला श्वास कशाला धरायचा, हे मला विज्ञानाचा शिक्षक असूनही विचारता आले नाही. फोटो झाल्यावर त्या स्वतःच म्हणाल्या, "श्वास धरला का मानूस बोलत नाही. म्हनून सांगतो."

त्या सतत रागावलेल्या असत, हे खरे आहे. पण पुष्कळ वर्षे जवळून पाहिल्यावर मला कळले, की तो राग माणसांवर फारसा नसे. तो निष्काळजीपणावर असे. शिशाचा एप्रन न घालता आत घुसणारा कंपाउंडर, गरोदर सुनेला 'काही होत नाही' म्हणून आत ढकलणारी सासू, "लवकर करा, बस आहे" म्हणणारा नातेवाईक यांना त्या जे बोलत, ते बाहेरच्या बाकांपर्यंत स्पष्ट ऐकू येई. "जे डोळ्याले दिसत नाही, तेच मानसाले जाळते," हे त्यांचे आवडते वाक्य होते. तीस वर्षे अदृश्य किरणांशी काम केलेल्या बाईला हे वाक्य म्हणण्याचा अधिकार होता.

त्यांच्या खोलीत एक लोखंडी अलमारी होती. संगणकावरचे एक्स-रे सुरू होण्यापूर्वीच्या जुन्या फिल्मा तिच्यात पिवळ्या पाकिटांत रचून ठेवलेल्या असत. रुग्ण न्यायला विसरलेल्या, बिघडलेल्या, जास्त प्रकाश लागून काळ्याकुट्ट झालेल्या. एरवी वर्षानुवर्षे त्यांची कोणी चौकशी करीत नसे. सूर्यग्रहण जवळ आले, की मात्र साऱ्या तालुक्याला त्या अलमारीची आठवण होई. शेतकरी येत, दुकानदार येत, बँकेतले बाबू येत, "बाई, एक जुना फोटो द्या ना जी, गरन पाहाले." काहींना छातीचा हवा असे, काहींना गुडघ्याचा, काळा भाग जास्त असला म्हणजे झाले. बाई अलमारीला कुलूप घालीत, चाबी पदराच्या टोकाला बांधीत आणि आलेल्या प्रत्येकाला शिवी दिल्यासारखे तेच उत्तर देत: नाही.

का नाही, हे विचारायचे धाडस मी केले, तेव्हा त्यांनी मला जे सांगितले ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात इतक्या नेमकेपणाने मी वाचले नव्हते. "उघड्या डोळ्यानं मानूस सूर्य पाहूच शकत नाही, सर. पापनी मिटते. देवानं ते पापनी चौकीदार ठेवली हाये. तुम्ही हे काळी फिल्म समोर धरता अन् चौकीदाराले झोपवता. चमक कमी झाली, आराम वाटला, का बाहुली मोठी होते. अन् जे जाळते ते तर दिसतच नाही, ते फिल्ममधून सरळ अंदर जाते. डोळ्यातल्या पडद्याले दुखत नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं."

बाईंचा कोणीतरी जवळचा माणूस ग्रहण पाहून आंधळा झाला असावा, अशी गावात वदंता होती. कोणी भाऊ म्हणे, कोणी मोडलेल्या सोयरिकीतला मुलगा म्हणे. मी एकदा आडून विचारले. त्या इतक्या संतापल्या, की हातातला चहाचा कप त्यांनी खाली ठेवला. "कोनी गेलं असलं, तवाच मानसानं नियम पाळावा काय? माह्या घरचं कोनीच गेलं नाही. जाऊ नये म्हनून तर नियम हाये." आज हे लिहिताना मला जाणवते, की त्या वाक्याला मीच पुढे एक माणूस पुरवला.

येथे माझ्याविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण त्याशिवाय बाईंचे चित्र पुरे होत नाही. मी हळू बोलणारा माणूस आहे. शाळेत, सोसायटीत, नातेवाइकांत मला सगळे सज्जन म्हणतात, आणि त्याचे मुख्य कारण असे, की मला 'नाही' म्हणता येत नाही. पुष्कळ वर्षे मी याला स्वभावाचा चांगुलपणा समजत होतो. बाई मात्र मला पहिल्यापासून तसे समजत नव्हत्या. "सर, तुमचं गोड बोलनं मले भेव लावते," असे त्या एकदा म्हणाल्या होत्या. मी ते हसण्यावारी नेले.

काही वर्षांपूर्वी दिवाळीत ग्रहण आले. लक्ष्मीपूजन आणि गायगोधनाचा पाडवा यांच्या मधला दिवस ग्रहणाने खाल्ला आणि सण एक दिवस पुढे सरकला, हे वाचकांना आठवत असेल. ग्रहण संध्याकाळचे होते; सूर्य तसाच तुटका मावळणार होता. सुट्टी लागण्यापूर्वी मुलांची तयारी करून घ्यावी, म्हणून मी बाईंना शाळेत बोलावले. त्या आल्या त्या रिकाम्या हाताने नाही. फिल्मचे रिकामे चपटे खोके दोरीने बांधून सायकलरिक्षात घालून आल्या. प्रकाश आत शिरू नये म्हणून बनवलेल्या त्या खोक्यांसारखे दुसरे खोके ग्रहणासाठी शोधून सापडले नसते.

एका टोकाला चौकोन कापायचा, त्यावर चॉकलेटची चांदी चिकटवायची, चांदीला टाचणीने भोक पाडायचे, दुसऱ्या टोकाला आतून पांढरा कागद, आणि बाजूला डोकावायला फट. सूर्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि खोक्यात पाहायचे. हरभऱ्याच्या डाळीएवढा सूर्य कागदावर उतरतो. मुलांनी हौसेने मोठमोठी भोके पाडली. बाईंनी एकेक खोका उजेडात धरून तपासला आणि निम्म्या खोक्यांची चांदी मुलांसमोर टराटरा फाडली. "टाचनी सांगतली होती, खिळा नाही. सूर्य पाहाचा हाये का आग लावाची हाये?" एक मुलगी रडू लागली. मी मध्ये पडून म्हणालो, बाई, लहान आहे. "डोळेही लहानच हाये तिचे," बाई म्हणाल्या, आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसून त्यांनी तिला दुसरी चांदी स्वतः लावून दिली.

मग मैदानावर रंगीत तालीम झाली. त्यांनी साऱ्या वर्गाला सूर्याकडे पाठ करून उभे केले आणि एक्स-रेच्या खोलीतला आवाज काढला: खांदे खाली, मान सरळ, मागं वळून कोणी पाहायचं नाही. सवयीने त्या "श्वास धरा" म्हणाल्या आणि साठ मुलांनी खरोखरच श्वास धरला. सोडा म्हणायला बाई विसरल्या. शेवटी एकजण खोकला आणि सगळे मैदान हसले. बाई हसल्या नाहीत. चाळणी भिंतीसमोर धरली की शेकडो तुटके सूर्य भिंतीवर कसे पडतील, ते त्यांनी सांगितले. ज्यांना सरळच पाहायचे असेल त्यांनी खास ग्रहणाचा चष्मा घ्यावा, आणि तो आधी घरातल्या बल्बकडे पाहून तपासावा. बल्ब लख्ख दिसला तर चष्मा चुलीत घालावा. शेवटी मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले: एक्स-रे फिल्म वापरू नये. अक्षर माझे होते. मुलांकडून ते वाक्य तीनदा म्हणवून घेणारा आवाजही माझा होता.

त्याच आठवड्यात तिगावहून किसनाचा फोन आला. किसना माझा बालमित्र. तिगाव माझे गाव. आम्ही दोघे एकाच बाकावर शिकलो. मी मास्तर झालो, आणि तो संत्र्याची कलमे बांधणारा कारागीर. जंबेरी लिंबाच्या रोपावर चाकूने केसाएवढी चीर द्यायची, तिच्यात संत्र्याच्या काडीवरचा कोंब बसवायचा आणि पट्टीने आवळायचा. पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंतच्या कित्येक बागा त्याच्या हाताखालून गेल्या होत्या, आणि कलमांचा हंगाम दिवाळीनंतर लगेच सुरू होणार होता. तो म्हणाला, "मास्तर, दिवाळीले येशीन तं त्या एक्स-रेवाल्या बाईकडून दोन-तीन फोटू आन बे. तुह्यी ओळख हाये म्हनते." मी म्हणालो, पाहतो.

'पाहतो' हा माझा नेहमीचा शब्द. त्यात नकार नसतो आणि होकाराची जबाबदारीही नसते.

दुसऱ्या दिवशी उरलेले खोके न्यायला मी दवाखान्यात गेलो. बाईंनी माझ्यासाठी अलमारी उघडली, खोके खालच्या कप्प्यात आहेत म्हणून सांगितले आणि एक पाय मोडलेला माणूस आल्यामुळे त्या आतल्या बाजूला गेल्या. पडद्यामागून त्यांचा आवाज येत होता, "हलू नका." मी वरच्या कप्प्यातले एक पिवळे पाकीट काढले, त्यातल्या तीन काळ्या फिल्मा पाहिल्या, पाकीट खोक्यात सरकवले आणि वर झाकण लावले. मी मनाशी शास्त्रीय युक्तिवाद करीत होतो: संध्याकाळचा सूर्य मवाळ असतो, फिल्म दुहेरी धरली तर पुरेशी काळी होते, आणि पाचदहा मिनिटांचा तर प्रश्न आहे. माणूस अज्ञानाने चुकतो तेव्हा त्याला कारणे शोधावी लागत नाहीत. मी ती शोधत होतो, यावरूनच मला सारे ठाऊक होते हे सिद्ध होते.

दिवाळीला तिगावला जाऊन मी पाकीट किसनाला दिले, आणि ते बाईंनीच दिले असे त्याने धरून चालले. त्याने ग्रहण आपल्या रोपवाटिकेच्या बांधावरून पाहिले. घरची बाकी माणसे वेध पाळून घरात बसली होती. मी त्याच्या शेजारी खोक्यात पाहत उभा होतो, सूर्याकडे पाठ करून. तो मला हसत होता. "मास्तर होऊन सूर्याले पाठ दाखवतं बे? हे पाह्य, कसा आरामात दिसून राहिला." डावा डोळा मिटून, उजव्या डोळ्यापुढे दुहेरी फिल्म धरून, सूर्य क्षितिजाला टेकेपर्यंत तो पाहत राहिला. आराम हा शब्द त्याने उच्चारला तेव्हा बाईंचे सारे बोलणे मला आठवले. मी एवढेच म्हणालो, पुरे कर आता. इतक्या हळू म्हणालो, की ते त्याला ऐकू गेले नसावे.

तिसऱ्या दिवशी चाकूची धार पाहताना त्याला धारेच्या मधोमध एक डाग दिसला. त्याने धार पुसली. मग बोट पाहिले, तर बोटाचे टोक नाही. नागपूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले, की उजव्या डोळ्याच्या पडद्याचा अगदी मध्यभाग भाजला आहे, औषध नाही, थोडेफार आपोआप सुधारले तर सुधारेल.

किसनाचा मोठा भाऊ वामन याने मला फोन केला. तो भडकला होता. "मास्तर, हे फोटू त्या बाईनंच वाटले ना?" त्या प्रश्नात त्याने मला आधीच निर्दोष ठरवले होते. मी म्हणालो, "हं." एवढेच. होय नाही, नाहीही नाही. त्या 'हं'चा अर्थ लावायचे काम मी वामनवर सोडले, आणि तो कसा लावील हे मला माहीत होते.

बाजाराच्या दिवशी वामन पिवळे पाकीट घेऊन दवाखान्यात आला आणि भरल्या बाकांसमोर त्याने बाईंना नाही नाही ते सुनावले. हे मला शाळेच्या शिपायाने सांगितले. तो तिथे आईचा गुडघा दाखवायला गेला होता. डॉक्टरांनी बाईंना विचारले, तुम्ही दिली का? त्या म्हणाल्या, नाही. मग कोणी दिली? बाईंनी पाकीट उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाल्या, "अलमारीची चाबी माह्याकडं राहते." याहून अधिक त्यांनी काही सांगितले नाही. संध्याकाळी डॉक्टरांनी त्यांना उद्यापासून येऊ नका असे कळवले.

गावाला आनंद झाला, हे लिहिताना आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. ज्यांना ज्यांना बाईंनी फिल्म नाकारली होती, ते सगळे पानठेल्यावर शहाणे झाले. आम्हाला कायदा शिकवत होती अन् ओळखीच्यांना वाटत होती, असे म्हणू लागले. ज्या एका गोष्टीसाठी ही बाई आयुष्यभर वाईटपणा घेत आली, नेमकी तीच गोष्ट तिच्या नावावर लागली. आणि पानठेल्यावरच्या कोणापेक्षाही मोठा अपराधी मी, घरी पेपर तपासत बसलो होतो. मी त्या काळात फार नम्रपणे वागलो. बायकोला घरकामात मदत केली. मुलांवर एकदाही आवाज चढवला नाही. फक्त बाईंच्या गल्लीतून जाणे टाळले.

असे दोन महिने गेले. एका सकाळी मी गेलो. बाई अंगणात उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी उभ्यानेच सांगितले, बाई, ती फिल्म मी नेली होती.

"माहीत हाये. त्या अलमारीले दोघाइचेच हात लागले. माह्ये अन् तुमचे."

मग तुम्ही सांगितलं का नाही, मी विचारले.

"मी काऊन सांगू? तुम्हाले तोंड नाही काय?"

मला माफ करा, असे म्हणून मी वाकलो. बाईंनी पाय मागे घेतले. मांडीवरचे सूप त्यांनी बाजूला ठेवले ते इतक्या जोराने, की दाणे अंगणभर उडाले. "माह्याकडं काऊन मागून राहिला माफी? डोळा माह्या गेला काय? दोन महिने झाले. रोज दार उघडलं का मी पाहो, आज सर येते. नोकरी गेली ते गेली, मी काही भुकी मरत नाही. पन तिकडं तो मानूस समजते का एका बाईनं त्याचा डोळा घेतला, अन् तू त्याले समजू देऊन राहिला." इतक्या वर्षांत त्यांनी मला प्रथमच 'तू' म्हटले होते. "चाल. तिगावले चाल. आत्ता."

मी उद्या जाऊ म्हणालो. त्यांनी घराला कुलूप लावले आणि चपला घातल्या.

पांढुर्ण्याच्या बसमध्ये मागच्या आसनावर दोन बायका कुजबुजत होत्या. हेच ते एक्स-रेवाली, असे त्यातली एक म्हणाली. बाई वळल्या. "हाव, मीच ते. फिल्म कोनं देल्ली ते ह्या सरले विचार." दोघी माझ्याकडे पाहू लागल्या. मी खिडकीबाहेर पाहू लागलो. त्या खिडकीबाहेर पाहण्याची लाज मला त्या चोरीपेक्षाही जास्त वाटते. कारण तेव्हा तर मी पश्चात्ताप करायलाच निघालो होतो.

किसना रोपांच्या ओळीत बसला होता. चाकू त्याच्या हातात होता, पण चीर त्याची बायको देत होती; तो फक्त पट्टी आवळत होता. बाईंना पाहताच वामन कुदळ टाकून धावत आला आणि इथे पाऊल ठेवायची हिंमत कशी झाली म्हणून विचारू लागला. बाईंनी त्याला हाताने थांबवले आणि माझ्याकडे पाहिले. मी सांगितले. अलमारी, पाकीट, खोका, 'हं', सगळे सांगितले. वामनने माझी गचांडी धरली. किसनाने त्याला सोड म्हटले, आणि मला एकच गोष्ट विचारली.

"हे वाईट असते, हे तुले माहीत होतं?"

"होतं. वर्गात शिकवलं होतं."

"मंग मले काऊन देल्ली बे?"

"तू मागितलीस म्हणून."

त्याने माझ्याकडे पाहिले. मान किंचित तिरकी करून, कारण सरळ पाहिले तर माझा चेहराच त्याला दिसत नव्हता. मग म्हणाला, "मी मागतली, कारन मले मालूम नव्हतं. तुले मालूम होतं. नाही म्हनला असता तं मी काय तुले मारलं असतं?"

वामन खाली मान घालून बाईंसमोर आला आणि त्या दिवसाच्या बोलण्याबद्दल काही म्हणू लागला. बाईंनी त्याला पुरे बोलू दिले नाही. "ते राहू दे. चौकटीची वही हाये काय घरात? आन." वही आली. त्यांनी एका पानाच्या मधोमध टिंब काढले, किसनाचा डावा डोळा आपल्या तळहाताने झाकला आणि विचारले, टिंबाकडे पाह्य, रेघा कुठे वाकड्या दिसतात, कुठे दिसतच नाहीत. तो बोट ठेवी तिथे त्यांनी पेन्सिलने घेर काढला. दर सोमवारी नव्या पानावर असाच घेर काढायचा, आणि घेर वाढला तर त्याच दिवशी नागपूर गाठायचे, असे त्यांनी त्याच्या बायकोला बजावले. दोन-तीन कलमे त्यांनी हातात घेऊन पाहिली आणि पट्टी ढिली बांधली म्हणून किसनालाही रागावल्या. त्या घरात दोन महिन्यांनी कोणी हसले असेल, तर ते तेव्हा.

परत आल्यावर मी डॉक्टरांकडे गेलो, शाळेत मुख्याध्यापकांना लिहून दिले, आणि पानठेल्यावर उभा राहूनही सांगितले. डॉक्टरांनी बाईंना बोलावणे पाठवले. त्या गेल्या नाहीत. "तीस वर्षं त्याहिनं माह्ये फोटो पाह्यले, मले नाही पाह्यलं," एवढे त्या बोलल्या. सौंसरचे घर सोडून त्या बोरगावला बहिणीकडे राहायला गेल्या. मी रविवारी जात असे. त्यांनी कधी या म्हटले नाही आणि कधी येऊ नका असेही म्हटले नाही. 'सर' आणि 'तुम्ही' मात्र पुन्हा कधी परतले नाहीत.

किसनाचा घेर वर्षभरात लहान झाला, मग थांबला. तो आता डाव्या डोळ्याने चीर देतो, सावकाश. बाई त्याच्या वहीची पाने मागवून घेत आणि ओळीने लावून पाहत, एक्स-रे पाहावेत तशा. पुढचे मोठे ग्रहण पावसाळ्यात येणार हे कळले, तेव्हा मी म्हणालो, बरे झाले, आभाळ असेल. त्यांचा राग अनावर झाला. "पातळ ढगातून सूर्य चंद्रासारखा दिसते. अन् मंग लोक त्याले चंद्रासारखाच पाह्यते. तुले काही शिकाचंच नाही काय?" त्यांनी मला गावोगाव जाऊन सांगायला लावले, आणि नुसते ग्रहणाचे सांगायचे नाही, आपले आधी सांगायचे, अशी अट घातली. गेल्या भाद्रपदात त्या वारल्या. शेवटच्या भेटीत त्यांनी मी बनवलेला एक खोका उजेडात धरला आणि त्याची चांदी फाडून टाकली. मला त्यांनी माफ केले होते की नाही, हे मला ठाऊक नाही. तो प्रश्न त्यांनी मला विचारूच दिला नाही.

आता मी शनिवारी एखाद्या गावातल्या शाळेत किंवा मंदिराच्या सभामंडपात जातो. किसना बरोबर असतो. मी बोलावले नव्हते, तो आपणहून येतो आणि पहिल्या रांगेत बसतो. लोक जमले, की मी उभा राहतो आणि सुरुवात करतो, की सौंसरला एक एक्स-रे बाई होत्या, त्यांनी ती फिल्म दिली नव्हती, ती मी चोरली होती. दर वेळी माझा आवाज 'चोरली' या शब्दापाशी उतरतो. आणि दर वेळी किसना वळूनही न पाहता म्हणतो,

"मोठ्यानं सांग बे. मांगच्याइले आयकू नाही जाऊन राहिलं."